आजींची ओंजळ

माण तालुक्यात मला सगळे 'डाक्टर' म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो. दहावीनंतरचा एक अभ्यासक्रम करून १९८४ साली जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून चिकटलो होतो. बैलाला सुई टोचणं, मेंढरांना जंताचं औषध पाजणं, लसीची नोंद ठेवणं, एवढंच माझं काम. पण वाडीवर सायकल दिसली की पोरं 'डाक्टर आलं' म्हणून ओरडायची, आणि लोकांची ही चूक दुरुस्त करावी असं पहिली चार-पाच वर्षं मला एकदाही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या न केलेल्या दुरुस्तीतून आलेलं आहे.

मी साताऱ्यात वाढलेला, कारकुनाचा मुलगा. मेंढी जवळून पाहिली ती नोकरीतच. माण हा पावसाच्या सावलीतला मुलूख. वर्षाला जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. ज्वारी-बाजरी, उघडे माळ, ओढ्याकाठच्या बाभळी आणि मेंढरं. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून खाली उतरायचे, कुणी कृष्णाकाठाला, कुणी घाट उतरून कोकणात. मागे राहायची ती म्हातारी माणसं आणि चालीला न टिकणारी मेंढरं. अशाच एका मागे राहिलेल्या आजींची माझी गाठ पडली. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. त्यांच्याकडे वीस-बावीस मेंढ्या होत्या. काही म्हाताऱ्या, काही लंगड्या, काही उशिरा गाभण राहिलेल्या. बाकीचा कळप घेऊन मुलगे-सुना खाली गेलेले.

माझ्याकडे एक पुठ्ठा होता. पांढऱ्या कागदावर शाईनं तक्ता काढून मी तो पुठ्ठ्यावर चिकटवला होता. डावीकडे खाद्याचं नाव, उजवीकडे त्यातल्या प्रथिनांचं प्रमाण. शेंगदाणा पेंड ४० ते ४५ टक्के, सरकी पेंड २२, लसूण घास २० आणि सगळ्यात खाली कडबा, ३ ते ४. हा पुठ्ठा घेऊन मी वाडीवाडीला जायचो आणि मेंढीला प्रथिनं का लागतात यावर बोलायचो. बोलणं बरोबरच होतं. गाभण मेंढीच्या शेवटच्या दीड महिन्यात कोकरू पोटात झपाट्यानं वाढतं, तेव्हा तिला साध्या पोटभरीपेक्षा जास्त काहीतरी हवं. ते नसलं तर कोकरू लहान जन्मतं आणि कासेला दूध उतरत नाही. यात चूक काहीच नव्हती. फक्त प्रत्येक वाक्याचा शेवट पेंडीच्या पोत्याशी व्हायचा, आणि समोर बसलेल्या माणसांपैकी कुणाच्याच घरात ते पोतं येणार नव्हतं.

एका फाल्गुनात मी आजींच्या वाघरीपाशी हा पुठ्ठा मांडला. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. आजींनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग तक्त्याकडे बोट करून विचारलं, "ह्यात बाभळीच्या शेंगा कुठं हायत?"

नव्हत्या. तसं सांगितलं असतं तर भागलं असतं. पण मी डाक्टर होतो. मी म्हणालो, "आजी, शेंगांत टॅनिन असतं. कातडी कमवायला वापरतात ते. त्यानं पोट बांधतं. त्यात काही ताकद नसते."

"आसं का," एवढंच आजी म्हणाल्या आणि उठून कामाला लागल्या.

त्यांचं काम नेमकं शेंगांचंच होतं. बाभळीला शेंगा पिकतात त्या फाल्गुन-चैत्रापासून, म्हणजे माळावर गवताची काडी उरत नाही तेव्हा. झाड पाऊस बघून फळत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. वाडीतली पोरं आकडीनं फांद्या हलवायची. खाली जुन्या लुगड्यावर शेंगा पडायच्या, करड्या, मण्यांच्या माळेसारख्या. आजी त्या उन्हात घालायच्या. खुळखुळ वाजल्याशिवाय कणगीत टाकायच्या नाहीत, कारण ओली राहिली की बुरशी धरते. त्यात चुकून हिवराच्या शेंगा आल्या तर एकेक वेचून बाजूला काढायच्या. "ह्या न्हाई चालायच्या. बकरं पडतं," म्हणायच्या. हिवराच्या शेंगांतून सायनाइडची विषबाधा होते हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण हिवराची शेंग आणि बाभळीची शेंग शेजारी ठेवली तर मला ओळखता आली नसती. त्या दोन शेंगा वेगळ्या करायला मला त्यांच्या सात-आठ वर्षांच्या नातवानं शिकवलं.

औषध पाजण्याच्या कामासाठी मी त्या उन्हाळ्यात तिथं वरचेवर गेलो. संध्याकाळी आजी कणगीतून शेंगा काढायच्या, दगडानं थोड्या मोडायच्या आणि गाभण नि व्यालेल्या मेंढ्यांना प्रत्येकी एक ओंजळ टाकायच्या. सकाळी पुन्हा एक ओंजळ. भाकड मेंढ्यांना काही नाही. त्या तोंड पुढे करायच्या, आजी हातानं त्यांचं तोंड बाजूला सारायच्या. एकदा मी गंमत म्हणून, खरं तर थोडी टिंगल म्हणूनच, माझ्याकडचा स्प्रिंगचा काटा काढला आणि त्यांची ओंजळ मोजली. दीडशे ग्रॅमच्या जवळपास भरली. पुन्हा भरायला लावली. तेवढीच. तिसऱ्यांदाही काटा त्याच रेघेशी येऊन थांबला. आजींना काट्याचं काही कौतुक वाटलं नाही. "झालं का मोजून?" म्हणाल्या आणि ती ओंजळ पुढच्या मेंढीपुढे ओतली.

त्या उन्हाळ्यातला एक आवाज अजून कानात आहे. मुक्कामाला उशीर झाला म्हणून एका रात्री मी तिथंच घोंगडीवर आडवा झालो. मेंढरं रवंथ करत होती आणि मधूनच टक्, टक् असा बारीक आवाज येत होता. मला वाटलं पावसाचे थेंब. सकाळी पाहिलं तर वाघरीत बाभळीचं बी विखुरलेलं. मेंढी शेंग गिळते, रवंथ करताना कडक बी तोंडात येतं, ते ती थुंकून टाकते. आजी ते बी झाडून गोळा करत होत्या. आसपासचे शेतकरी बांधावर टाकायला घेऊन जायचे, कारण मेंढीच्या पोटातून आलेलं बी लवकर उगवतं. पुढे जंगलखात्याच्या जुन्या पुस्तकांतही हे मी वाचलं, की बाभळीचं बी मेंढवाड्यातून गोळा करावं. शेतात बसवलेल्या मेंढरांनी लेंडीखत दिलं, वर बांधाला झाड दिलं. त्या झाडाच्या शेंगा पुन्हा मेंढीला. माझ्या तक्त्यात या सगळ्यासाठी रकाना नव्हता.

त्या वर्षी आजींच्या मेंढ्या हडकल्या नाहीत. मी त्याचं श्रेय माझ्या जंताच्या औषधाला दिलं.

आता माझ्या चुकीचं. ती सांगायचीच म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे.

ते दिवस सुबाभळीचे होते. उरुळीकांचनच्या 'बायफ' संस्थेनं, मणिभाई देसाईंच्या काळात, हवाई बेटांवरून उंच वाढणारी के-८ ही जात आणून तिचा प्रसार केला होता आणि महाराष्ट्रभर तिची रोपं वाटली जात होती. भराभर वाढते, तोडली की पुन्हा फुटते, हवेतला नत्र जमिनीत साठवते, आणि वाळल्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं. मी तर हरखून गेलो. पेंडीइतकं बळ आणि तेही फुकट! पुठ्ठ्यावर मी सुबाभळीची ओळ लाल शाईनं लिहिली.

आजींचा थोरला मुलगा, त्याला मी दादा म्हणायचो, त्या सुमारास भटकंती कमी करून विहिरीच्या कडेला स्थिरावू पाहत होता. त्याला मी रोपं मिळवून दिली. त्यानं ओढ्यातून पाणी वाहून ती जगवली. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात विहिरीभोवती हिरवीगार भिंत उभी राहिली. माळावर पान नाही आणि दादाकडे हिरवा पाला! तो विचारायला आला, "डाक्टर, किती घालू?"

मी म्हणालो, "हवा तेवढा घाल. पोटभर खाऊ दे."

बारा मेंढ्या त्यानं बांधून घातल्या आणि कोवळा पाला पोटभर चारला. दोनेक आठवड्यांत निरोप आला. मी गेलो तेव्हा दादा एका मेंढीजवळ उकिडवा बसला होता. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा ओढला, आणि लोकरीचा पुंजका मुळापासून हातात आला. कातरीशिवाय. खाली गुलाबी कातडी. सगळ्या मेंढ्यांची तीच गत. तोंडातून लाळ गळत होती, खाणं कमी झालं होतं. एका मेंढीनं गाभ टाकला होता. तो त्या पाल्यानंच टाकला की उन्हानं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण दादाच्या नजरेत तो पाल्यानंच टाकला होता, आणि पाला माझ्या सांगण्यावरून घातला होता.

दादा रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं तो लोकरीचा पुंजका माझ्या हातात दिला, इतकंच.

आजी वाघरीपलीकडून म्हणाल्या, "झाडाला बोल लावू नगासा. मीठ चांगलंच आसतं की. पर मूठभर खाल्लं तर?" आणि मग थोड्या वेळानं, "किती घालायचं, ते सांगायचं ऱ्हायलं तुमचं."

मी सायकल हाणत दवाखान्यात आलो आणि पुस्तक काढलं. सगळं लिहिलेलं होतं. सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या पाल्यात आणि बियांत जास्त. ते लोकरीच्या मुळाची वाढ थांबवतं, आणि पोटात त्याचं रूपांतर होऊन जे बनतं ते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला बाधतं. म्हणून सुबाभूळ एकूण खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी ठेवावी, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, हळूहळू सवय लावून द्यावी. माझ्या परीक्षेत हा प्रश्न आला नव्हता, म्हणून मी ते पान कधी वाचलं नव्हतं. पुढे कळलं की ऑस्ट्रेलियात मेंढीची लोकर कातरण्याऐवजी औषधानं उतरवता येईल का, हे पाहायला याच मिमोसिनचे प्रयोग झाले होते. म्हणजे मी माणमध्ये तो प्रयोग न सांगता, न विचारता, एका गरीब माणसाच्या बारा मेंढ्यांवर करून मोकळा झालो होतो.

पाला बंद केल्यावर मेंढ्या सावरल्या. लोकरही आली, आखूड आणि विरळ. त्या वर्षी दादाच्या घरी घोंगडीपुरती लोकर निघाली नाही. मी भरपाई म्हणून पैसे पुढे केले तर त्यानं घेतले नाहीत. आजींनी मला जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. त्या दिवसापासून त्या मला 'डाक्टर' म्हणायच्या थांबल्या. 'लेकरा' म्हणू लागल्या. मला आधी तो अपमान वाटला. बढतीच होती ती, पण हे कळायला फार दिवस लागले.

माझी समज खरी बदलली ती तीन-चार वर्षांनी, एका प्रशिक्षणात. तिथल्या सरांनी आम्हाला दोन मेंढ्या दाखवल्या. त्यांच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेनं भोक पाडून रबरी झाकण बसवलं होतं, पोटात काय चाललंय ते पाहण्यासाठी. एकीला नुसता कडबा, दुसरीला तोच कडबा आणि वर वाळलेला शेवरीचा पाला. सरांनी बारीक जाळीच्या कापडी पुरचुंड्यांत सारख्याच वजनाचा कडब्याचा चुरा भरून दोघींच्या पोटात सोडला होता. दोन दिवसांनी आमच्यासमोर झाकण काढून त्या बाहेर ओढल्या. धुतल्या, वाळवल्या, तोलल्या. पाला खाणाऱ्या मेंढीच्या पोटातली पुरचुंडी उघड हलकी होती. कडबा तोच, मेंढ्या सारख्याच. पण एकीच्या पोटात तो जिरत होता, दुसरीच्या पोटात नुसता पडून होता.

सर म्हणाले त्याचा मतलब असा. कडबा मेंढी पचवत नाही. तिच्या पहिल्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात, ते पचवतात. त्यांना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतो. चाऱ्यात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की ते उपाशी पडतात, काम मंदावतं, कडबा पोटातून लवकर पुढे सरकत नाही, आणि मेंढी भरल्या पोटी खाणं थांबवते. कडब्याच्या ढिगाशेजारी जनावर खंगतं ते यामुळे. म्हणून थोडासा प्रथिनवाला पाला हा मेंढीचा खुराक नसतोच, तो त्या जिवाणूंना दिलेला शिधा असतो. ते पोसले की कडब्यातलं कोंडलेलं बळ तेच काढून देतात, आणि शेवटी स्वतःही पुढच्या पोटात जिरून मेंढीचीच प्रथिनं होतात.

मला एकदम आजी दिसल्या. ओंजळभर शेंगा, सकाळ-संध्याकाळ. त्या रात्री वहीत गणित मांडलं. बाभळीच्या शेंगेत प्रथिनं साधारण १२-१३ टक्के. दोन ओंजळी म्हणजे तीनशे ग्रॅम, त्यातून जेमतेम ४० ग्रॅम. एक किलो कडब्यातून मिळतात तीस-चाळीस. म्हणजे त्या ओंजळीनं मेंढीच्या पोटात प्रथिनं दुप्पट होत होती. कागदावर तरीही थोडी तूट उरत होती. ती तूट मेंढी दिवसभर बांधावरच्या बोरी-हिवराचा पाला ओरबाडून भागवत असणार. आणि माझं ते टॅनिन? तेही शिकलो. टॅनिन फार झालं तर पोट बांधतंच, त्यात मी खोटं बोललो नव्हतो. पण बेतानं असेल तर ते प्रथिनांना धरून ठेवतं, पहिल्या पोटात सगळी उधळू देत नाही, पुढच्या पोटात नेऊन सोडतं. जंतांवरही त्याचा थोडा अंकुश राहतो. औषध आणि विष यांत फरक होता तो मापाचा, आणि माप आजींच्या हातात होतं. मी ते काट्यावर तीनदा तोललंही होतं.

सुबाभळीचंही एक त्याच प्रशिक्षणात कळलं, आणि ते ऐकून मी खजील झालो तरी सुखावलो. हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत असतात, कारण त्यांच्या पोटात ते विष फोडणारे जिवाणू असतात, हे ऑस्ट्रेलियातल्या रेमंड जोन्स यांनी शोधलं. हवाईतल्या जनावरांच्या पोटातले जिवाणू नेऊन त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले, आणि ती गुरंही सुबाभूळ पचवू लागली. पुढे त्या जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं, सिनर्जिस्टीस जोन्सी. दादाच्या मेंढ्यांच्या पोटात तेव्हा हे पाहुणे पोचले नव्हते. सवय हळूहळू लावली असती तर कदाचित पोचलेही असते. घाई मीच केली.

परत आल्यावर मी नवा पुठ्ठा केला. त्यात शेवरी, हादगा, गिरिपुष्प, तुरीचं भुसकट, हरभऱ्याची चुणी असं वाडीवर मिळणारं सगळं घातलं. सुबाभळीपुढे लाल शाईत 'तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी' असं लिहिलं. आणि बाभळीच्या शेंगांची ओळ काढली. प्रमाणाच्या रकान्यात टक्के लिहिले आणि त्यापुढे 'एक ओंजळ सकाळी, एक संध्याकाळी'. तो घेऊन मी आजींकडे गेलो. त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. म्हणालो, "आजी, ही तुमची."

त्यांनी बोट ओळीवरून फिरवलं. "एवढीच?" म्हणाल्या. मग हसल्या. "आन् हिवराची?"

हिवराची मी लिहिली नव्हती. तिथंच बसून लिहिली: 'हिवराच्या शेंगा देऊ नयेत.'

त्यानंतर माझ्या कामाची रीत बदलली. पुठ्ठा आधी उघडायचा नाही. आधी विचारायचं, तुम्ही काय घालता, कधी घालता, कुणाला घालता, किती घालता. आणि शक्यतो बाईला विचारायचं, कारण कोकरांची उस्तवार तिच्याकडे असते. सगळंच बरोबर असायचं असं नाही. कुणी ओली शेंगदाणा पेंड घालायचे, बुरशी धरलेली. ती बंद करायला लावावी लागे. कुणी जत्रेनंतर उरलेला भात-पोळी मेंढ्यांपुढे ओतायचे आणि मेंढ्या फुगून मरायच्या. अडाणीपणाचं मला कौतुक नाही. पण विचारल्याशिवाय कोणता अडाणीपणा त्यांचा आणि कोणता माझा हे कळत नसे.

आजींच्या शेंगांनी मला आणखी एकदा तारलं. आपली दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या बुटक्या गरोल मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला. त्या मेंढ्या आमच्या भागात येऊ लागल्या तेव्हा जुने मेंढके नाक मुरडायचे. "जुळं म्हंजी एक जगलं, एक मेलं," म्हणायचे. आणि नुसत्या माळावर चरणाऱ्या मेंढीच्या बाबतीत ते अगदी खोटंही नव्हतं. दोन कोकरांना दोघांपुरतं दूध लागतं, आणि दूध आकाशातून पडत नाही. दादाच्या बायकोनं, तिला मी वहिनी म्हणायचो, अशी एक जुळ्याची मेंढी घेतली होती. ती घाबरून माझ्याकडे आली. मी काही नवं सांगितलं नाही. विण्याआधीच्या दीड महिन्यात शेंगांच्या दोन ओंजळी आणि वाळलेल्या शेवरीच्या पाल्याची एक पेंढी, व्यायल्यावर पेंढ्या दोन. विकत काही नाही, मिठाच्या खड्याशिवाय. दोन्ही कोकरं जगली. वहिनीनं ती लोणंदच्या बाजारात नेली, आणि वाडीतल्या लोकांनी मला विचारायला सुरुवात केली की डाक्टर, ते औषध कुठलं. मी म्हणालो, औषध नाही, आणि मी डाक्टरही नाही. हे वाक्य तोंडातून निघायला इतकी वर्षं लागली.

आजी तोवर गेल्या होत्या. एका मार्गशीर्षात गेल्या. मी तेव्हा बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात होतो, मला आठवड्यानं कळलं. भेटायला गेलो तर कणगी रिकामी होती, शेंगांचा हंगाम अजून दूर होता.

निवृत्त झाल्यानंतर, २०१२-१३ च्या दुष्काळात, मी पुन्हा माणमध्ये गेलो. गाई-म्हशींसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. मी पाहिलेल्या छावण्यांत मेंढरांना दावण नव्हती. ओढ्याकाठच्या जुन्या बाभळी बऱ्याचशा तुटल्या होत्या, सरपणाला, भट्ट्यांना. त्यांच्या जागी वेड्या बाभळीनं रान व्यापलं होतं. तिच्या शेंगा पिवळ्या, गोडसर. जनावर आवडीनं खातं, पण नुसत्या त्याच भरपूर दिल्या तर पोट बिघडतं. बाभळीची सर त्यांना नाही, असं मला वाटतं, पण हे माझं प्रेम बोलतंय हेही मला ठाऊक आहे. उन्हाळा काढायला त्यांनीही खूप मेंढरं जगवली.

दादाच्या घरी गेलो. ज्यानं मला हिवराची शेंग ओळखायला शिकवलं तो नातू आता पस्तिशीचा, मिशावाला. संध्याकाळची वेळ होती. दारात दोन्ही बाभळींच्या शेंगा कुटून मिसळलेलं टोपलं होतं, शेजारी शेवरीचा पाला. त्याचा पोरगा, पंधरा-सोळा वर्षांचा धिप्पाड, गाभण मेंढ्यांपुढे ओंजळी टाकत चालला होता. त्याचे पंजे चांगले रुंद होते. वहिनी चुलीपाशी बसली होती. तिनं वर न बघताच आवाज दिला.

"आरं, तुज्या हाताची नगं. थोरल्या आज्जीच्या हाताची टाक."

पोरानं ओंजळीतल्या निम्म्या शेंगा टोपल्यात परत टाकल्या आणि उरलेल्या मेंढीपुढे ओतल्या. त्यानं त्या आजींना कधी पाहिलेलं नव्हतं.